एरंडेल, लाख आणि शर्यतीची जुनी फटफटी

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या बागायतदारास विचारावे, तो सांगेल की विहिरीवरचे तेल-इंजिन हंगामभर रात्रंदिवस चालले तरी फारशी कुरकूर करीत नाही. परंतु विजेची मोटार आली, इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात गेले आणि दोनचार पावसाळे तेथेच पडून राहिले, की पुढे ते चालू करू गेले असता त्याचे चाक हँडलाला मुळीच दाद देत नाही. वापराने वस्तू झिजते हा सर्वांचा अनुभव असल्याने न वापरलेली वस्तू जशीच्या तशी राहावी, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. यंत्र मात्र या अपेक्षेच्या नेमके विरुद्ध वागते. वीस वर्षे धावलेली मोटारसायकल दुरुस्तीला आली तर मेस्त्री तिच्याकडे निःशंक मनाने पाहतो, आणि वीस वर्षे उभी राहिलेली आली तर हातातला पाना खाली ठेवून आधी विचारात पडतो.

हे असे का होते, याचा उलगडा ज्यास झाला त्यास जुन्या यंत्राच्या जीर्णोद्धाराची निम्मी विद्या साधली असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. उरलेली निम्मी विद्या कशाला हात लावावयाचा नाही हे ओळखण्याची आहे, आणि ती पहिल्या निम्मीपेक्षा पुष्कळ कठीण आहे. या दोन्हींची कसोटी जेथे एकदमच लागते असे यंत्र म्हणजे शर्यतीची जुनी मोटारसायकल. म्हणून तिच्या निमित्ताने हा विषय येथे मांडीत आहे.

शर्यतीची गाडी कशास म्हणावे

रस्त्यावरची मोटारसायकल आणि शर्यतीची मोटारसायकल यांत दिसण्याचा फरक थोडा, हेतूचा फरक फार. शर्यतीच्या गाडीस दिवा नाही, भोंगा नाही, मागे बसणाराची गादी नाही, कित्येकदा किकदेखील नाही; स्वाराने ती गियरात घालून, क्लच दाबून ढकलीत न्यावी, वेग येताच क्लच सोडावा आणि इंजिन बोलू लागताक्षणीच उडी मारून स्वार व्हावे, अशी त्या काळी शर्यतीच्या आरंभाचीच रीत होती. उदाहरणासाठी लंडनच्या प्लमस्टेड भागात तयार होणारी ए.जे.एस. ‘७-आर’ ही गाडी घेऊ. १९४८ साली विक्रीस आलेल्या या यंत्रास सुमारे ३५० सी.सी.चे एकच सिलिंडर, त्याच्या डोक्यावर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम आणि तो कॅम फिरविणारी साखळी, एवढाच सरळ संसार होता. कारखान्याचा पगारी स्वार नसलेल्या हौशी माणसासही ती विकत घेऊन शर्यतीत उतरता येई, आणि तिला ‘बॉय रेसर’ असे लाडके नाव पडले होते.

स्वातंत्र्यानंतर परदेशी वाहनांच्या आयातीवर निर्बंध आल्यामुळे अशी यंत्रे आपल्याकडे विरळाच राहिली. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाने शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर ज्या शर्यती भरविल्या, त्यांसारख्या ठिकाणी ती दिसत. एरवी लष्करी लिलावातून निघालेल्या बी.एस.ए., नॉर्टन अथवा मॅचलेस गाड्यांचे दिवे आणि मडगार्ड उतरवून त्यांनाच शर्यतीचे रूप देण्याचा उद्योग हौशी मंडळी करीत. परभणीस शर्यतीचे मैदान नाही. परंतु इंजिनाची विद्या येथे जुनी आहे. निजामाच्या अमदानीत १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी मीटरगेज येथून गेली आणि पूर्णा हे जंक्शनाचे ठाणे झाले. परभणी, सेलू, मानवत येथे सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या. पुढे विहिरीविहिरीवर तेल-इंजिने बसली. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाने १९४६ साली पुण्यात तेल-इंजिनांची स्वतंत्र कंपनी काढली, आणि त्या इंजिनांचे स्लीव्ह बदलता बदलता, रिंगा बसविता बसविता, मराठवाड्यातील मेस्त्र्यांच्या दोन पिढ्या तयार झाल्या. एका सिलिंडरच्या यंत्राची नाडी ज्याला कळते त्याला इंग्रज शर्यतगाडीचे पोट उघडण्याचे भय वाटण्याचे कारण नाही. त्याने सांभाळावयाचे ते निराळेच आहे.

जीर्णोद्धार, की नवा रंग

जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे यादवकालीन देवळांचा समूह आहे. अशी देवळे मराठवाड्यात गावोगाव आहेत, आणि त्यांतील कित्येकांचा जीर्णोद्धार आपण कोणत्या पद्धतीने करतो हे सर्वश्रुत आहे: लोकवर्गणी जमते, पुतळ्यांवर आणि खांबांवर ऑइलपेंटचे दोन हात चढतात, गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसते, आणि ज्या छिन्नीच्या खुणा सातशे वर्षे टिकल्या त्या एका चैत्रात दिसेनाशा होतात. हेतू भक्तीचा असतो यात शंका नाही. जुन्या गाडीच्या बाबतीतही हेच घडते. टाकीस नवा रंग, नळ्यांस क्रोम, इंजिनाच्या बाजूंस बफ आणि चौकटीस पावडर कोटिंग, असा सगळा सरंजाम करून गाडी दारात उभी राहिली की पाहणारे वाहवा करतात. परंतु ती कोठे धावली, कोणी धावविली, कोठे पडली, याचा जेवढा पुरावा तिच्या अंगावर होता तेवढा सर्व भंगारवाल्याकडे किंवा पॉलिश-चाकाच्या धुळीत गेलेला असतो.

इमारतींच्या जतनासंबंधी १९६४ साली व्हेनिस येथे एक सनद तयार झाली. तिच्याच वळणावर जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने पुढे ट्युरिनची सनद स्वीकारली. दोहोंचा आशय सामान्य व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचा तर असा की, मूळचे जे उरले आहे ते राखावे. जे केल्यावाचून यंत्र चालणारच नाही अथवा चालविणाराच्या जिवास अपाय होईल तेवढेच करावे. आणि जे केले त्याची नोंद ठेवून ते पुढील पिढीस उतरविता येईल अशा बेताने करावे. यास सहानुभूतीचा जीर्णोद्धार म्हणता येईल, कारण यात मालकाच्या हौसेपेक्षा यंत्राच्या कैफियतीस अग्रस्थान असते.

ही कैफियत वाचावी कशी? शर्यतीच्या गाडीवर ती जागोजाग लिहिलेली असते. तेलाच्या बुचाच्या डोक्यास आडवे बारीक भोक दिसले तर ते कोणा खोडकराचे काम नव्हे. धावताना बूच सैल होऊन वाटेवर तेल सांडू नये म्हणून त्या भोकातून तार ओवून ती पिळून बांधीत, आणि शर्यतीपूर्वीचा तपासनीस ती तार पाहिल्याखेरीज गाडी पुढे सोडीत नसे. पाय ठेवण्याची खुंटी एकाच बाजूने घासलेली असेल तर बहुतेक वळणे त्या बाजूची होती. टाकीच्या मागल्या भागावरचा रंग हनुवटीच्या रेषेत उडालेला असेल तर स्वार वाऱ्याखाली लपण्यासाठी तेथे टेकत असे. ब्रेकच्या तरफेस वजन घटविण्यासाठी पाडलेली भोके, चौकटीवर राहिलेला तपासनीसाच्या कुंचल्याचा ठिपका, वाकून पुन्हा सरळ केलेला हँडल, या सर्वांची छायाचित्रे आणि मोजमापे घेतल्याशिवाय एकही नट ढिला करू नये. उतरविलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावलेल्या पिशवीत जावा, आणि बदललेला जुना भाग कितीही निरुपयोगी वाटला तरी पेटीत जपावा. तो त्या गाडीचा अस्सल दाखला होय. फवाऱ्याच्या पंपाने धुण्याचा मोह तर सर्वस्वी टाळावा, कारण त्या दाबाने माती बाहेर येण्याऐवजी बेअरिंगमध्ये शिरते आणि सुटत आलेला मूळ रंग वाहून जातो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि सुती चिंधी यांनी जेवढे निघेल तेवढेच काढावे.

थांबलेल्या इंजिनात काय घडते

आता मूळ कोड्याकडे वळू. पेट्रोल जळते म्हणजे त्यातील हायड्रोजन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी तयार होते, आणि हे पाणी थोडेथोडके नसते: एक लिटर पेट्रोल जळाल्यावर जवळपास एक लिटर पाणी निर्माण होते. इंजिन पुरते तापलेले असेल तर ते वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघून जाते. परंतु शेवटच्या वेळी गाडी थोडीशीच चालवून कायमची उभी केली असेल तर त्यातले काही आतच निवते. त्यात धुरातील आम्ले मिसळतात. शर्यतीच्या जुन्या पेट्रोलात शिशाचे संयुग असे, आणि ते शिसे सिलिंडरात साचू नये म्हणून त्याबरोबर ब्रोमीनयुक्त द्रव्यही घातलेले असे; त्यापासून निपजणारे आम्ल लोखंडास विशेष घातक. आपल्या देशातील पंपांवरून शिशाचे पेट्रोल २००० साली हद्दपार झाले, परंतु त्यापूर्वी उभ्या केलेल्या इंजिनात त्याचे अवशेष अद्याप असू शकतात.

यात हवामानाची भर पडते. परभणी उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंशांवर तापते हे सर्वांस ठाऊक आहे. पण कृषी विद्यापीठाच्या नोंदीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे, हे बाहेरच्यांस सांगितले तर खरे वाटत नाही. रात्री लोखंड गार पडते, सकाळी त्याच्याआधी हवा तापते, आणि गार धातूवर त्या हवेतील ओलावा दवासारखा जमतो. एखादा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिलेला असेल तर हे दव थेट सिलिंडरच्या भिंतीवर धरते. चालत्या इंजिनात त्या भिंतीस प्रत्येक फेऱ्यास तेलाचा नवा हात मिळतो. थांबलेल्या इंजिनात तेल हळूहळू खाली ओघळते, धातू उघडा पडतो आणि पिस्टनाच्या रिंगा जेथे टेकलेल्या असतात तेथेच गंजाने भिंतीस धरून बसतात. रिंग आणि भिंत यांमधली जागा केसाहूनही कमी, आणि गंज हा मूळच्या लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापणारा. तेव्हा इंजिन आतून पाचर मारल्यासारखे जाम होते.

अशा वेळी जोर लावणे हा सर्वांत मोठा अपराध. प्लग काढून त्या भोकातून पातळ, झिरपणारे तेल सोडावे आणि ते आठवडा, पंधरवडा, लागल्यास अधिक दिवस मुरू द्यावे. मग गाडी वरच्या गियरात टाकून मागले चाक बोटभर पुढे, बोटभर मागे, असे हलके झुलवावे. एका दिशेने लोटण्यापेक्षा झुलविण्याचा फायदा असा की सुटलेला गंज रिंगेखाली अडकून न बसता तेलात मिसळून बाजूस होतो. बहुतेक इंजिने सुटतात; सुटली नाहीत तर डोके उतरवावे, पण हातोडा आणि लाकडाचा ठोकळा घेऊन पिस्टनाच्या माथ्यावर बसू नये, कारण त्या काळातला घडीव पिस्टन परभणीच्या काय, मुंबईच्या बाजारातही मिळणार नाही.

बांधावरचे एरंडेल

जाम बसण्याचे दुसरे कारण शर्यतीच्या गाडीस विशेषकरून लागू पडते, आणि ते आपल्या शेताच्या बांधावर उगवते. जलद फिरणाऱ्या इंजिनासाठी त्या काळी एरंडेल तेलाइतके विश्वासू वंगण दुसरे नव्हते. ब्रिटिश तेलव्यापारी वेकफील्ड यांनी १९०९ साली आपल्या तेलास जे ‘कॅस्ट्रॉल’ नाव दिले तेदेखील एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच. एरंडेलाचा सुमारे नव्वद टक्के भाग रिसिनोलेइक नावाच्या मेदाम्लाचा असतो, आणि या आम्लाच्या लांब साखळीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी मध्येच बसलेली असते. त्या जोडीस धातूची ओढ असल्यामुळे एरंडेलाचा थर तापलेल्या पृष्ठभागास चिकटून राहतो. जेथे जमिनीतून काढलेले त्या काळचे खनिज तेल पातळ होऊन दाबाखाली निसटे, तेथे एरंडेल तग धरी. जुन्या शर्यतींच्या मैदानावर दरवळणाऱ्या ज्या गोडसर धुराची आठवण वृद्ध शौकीन काढतात, तो याच तेलाचा.

गुणाबरोबर दोषही आला. हवेतील ऑक्सिजन शोषून एरंडेल घट्ट होते, त्याची प्रथम चिकट साय आणि पुढे पिवळसर तपकिरी, नखाने न निघणारी लुकणी होते, आणि ती रिंगांच्या खाचांत, तेलाच्या बारीक वाटांत, पंपाच्या दात्यांत भरून बसते. म्हणून शर्यत संपताच तेल काढून इंजिन धुऊन ठेवण्याचा दंडक होता. ज्याने तो पाळला नाही त्याच्या इंजिनात आजही त्या दिवशीचे तेल दगडासारखे सापडते. शिवाय एरंडेल आणि खनिज तेल एकमेकांत नीट मिसळत नाहीत. जुन्यावर नवे ओतले तर गुठळ्या होऊन तेलाची वाट तुंबते. टाकीत कोणते तेल उरले आहे हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे: काचेच्या वाटीत थोडे स्पिरिट घ्यावे आणि त्यात तेलाचा थेंब सोडून ढवळावे. एरंडेल त्यात विरघळते, खनिज तेल तळाशी वेगळे राहते. लुकणी काढण्यासही स्पिरिटच उपयोगी पडते; भाग त्यात भिजत ठेवून मऊ कुंचल्याने साफ करावा, पोलादी ब्रश घेऊ नये.

सोनेरी रंग कशासाठी

७-आर गाडीच्या इंजिनाचे खालचे खोके आणि साखळीची झाकणे सोनेरी रंगविलेली असतात. नवशिका मालक हा रंग सजावटीचा समजतो, कोठे कोठे तो उडालेला पाहून कंटाळतो, आणि सर्व खरवडून धातू आरशासारखा करावा अशी तजवीज करतो. हा धातू ॲल्युमिनियम नव्हे, मॅग्नेशियमची मिश्रधातू आहे, हे त्याला ठाऊक नसते. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने हलके. शर्यतीत वजनाचा हिशेब तोळ्यामाशाने होत असल्याने अभियंत्यांनी ते निवडले. परंतु याच धातूस ओलाव्याचे वावडे आहे, आणि त्यात पोलादी बोल्ट घुसलेला असेल तर मामला अधिकच बिघडतो. दोन भिन्न धातू, मध्ये ओल, आणि त्या ओलीत थोडे मीठ, एवढ्या साहित्यावर सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो. त्यात दुबळा धातू विरघळत जातो आणि बळकट धातू सुखरूप राहतो. येथे दुबळेपणा मॅग्नेशियमच्या वाट्यास येतो. बोल्टाभोवती पांढरी भुकटी दिसली की आत खड्डा पडू लागला असे समजावे.

तेव्हा तो सोनेरी रंग हा त्या धातूचा रेनकोट आहे. जेथे तो शाबूत आहे तेथे त्याला धक्का लावू नये. जेथे उडाला आहे तेथे पांढरी भुकटी हळुवार काढून, जागा कोरडी करून, तेवढ्यापुरताच थर द्यावा, आणि बोल्ट बसविताना त्यावर ओल अडविणारे लेपन लावावे. घासकामाची मात्र सक्त ताकीद: मॅग्नेशियमचा बारीक कीस ठिणगीने पेट घेतो, आणि पेटल्यावर त्यावर पाणी टाकले तर आग विझण्याऐवजी भडकते. ग्राइंडरच्या चाकाजवळ हा भाग नेऊच नये, आणि जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवल्याशिवाय कामास बसू नये.

मॅग्नेटोतील लाख

शर्यतगाडीस बॅटरी नसते. ठिणगी पुरविण्याचे काम मॅग्नेटो करतो. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी फिरते, किंवा गुंडाळी स्थिर राहून चुंबक फिरतो. दोन्ही प्रकारांत तारेत वीज उत्पन्न होते, आणि ती ऐन भरात असताना एक लहानसा खटका प्रवाह तोडतो. तो तुटताच त्याच गाभ्यावर गुंडाळलेल्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. गाडी जितकी जलद तितकी ठिणगी जोरकस. शर्यतवाल्यांना मॅग्नेटो प्रिय होता तो यामुळे.

त्या बारीक तारेचे वेढे एकमेकांस भिडू नयेत म्हणून जुन्या काळी ती लाखेत बुडवीत. ही लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. तिचा मोठा पुरवठा आपल्याच देशातून जाई. एरंडेलाप्रमाणे लाखही इंग्रज गाडीच्या पोटात गेलेला हिंदुस्थानी माल होय. साठ-सत्तर अंशांस ती नरम पडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या यंत्रास तेवढी उष्णता मिळणे अशक्य नाही. ज्या मॅग्नेटोत गुंडाळीच फिरते त्यात नरम झालेली लाख बाहेर फुगते, भोवतालच्या घरास चिकटते, आणि हिवाळ्यात कडक झाली की दांडा फिरेनासा होतो. पकडीने पिळून तो फिरविला तर तार तुटते. मॅग्नेटो मंद उष्णतेवर शेकून, दांडा अलगद सोडवून, गुंडाळी नव्या तारेने आणि आधुनिक राळेने भरून घ्यावी. बाहेरचे घर, पितळी पाटी आणि त्यावरचा क्रमांक मूळचाच ठेवावा. जो भाग डोळ्यांस दिसत नाही आणि ज्यावर सर्व चालणे अवलंबून आहे, तो बदलण्यात संकोच बाळगू नये.

लाखेची दुसरी अडचण अलीकडची आहे. २०२३ पासून आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. त्यातील काही इथेनॉल मराठवाड्याच्याच उसाचे असेल. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि लाख अल्कोहोलात विरघळते. जुन्या कार्ब्युरेटरातील बुचाच्या लाकडाच्या तरंगत्या गोळ्यास आणि टाकीच्या सांध्यांस दिलेला लाखेचा हात या पेट्रोलाने हळूहळू सुटतो, आणि सुटलेली लाख जेटच्या, म्हणजे पेट्रोल मापाने सोडणाऱ्या तोटीच्या, भोकात जाऊन बसते. शिवाय इथेनॉल हवेतील पाणी ओढते. म्हणून गाडी चालवून झाल्यावर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामी करून ठेवणे हाच खरा बंदोबस्त.

जेथे दया दाखवू नये

जतनाचा आग्रह कोठे सोडावा हेही सांगितले पाहिजे. टायर, ट्यूब, ब्रेकचे अस्तर, केबली, साखळी, यांस प्रामाणिकपणाची सबब देऊन जुने ठेवणे हा निव्वळ मूर्खपणा होय. टायर वरून कितीही सुबक दिसो, वीस वर्षांत रबर कडक होते आणि त्यातील धागे सुटतात. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. ती भुकटी तोंडाने किंवा पंपाने फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. चाकाचा आऊट काढावयाचा तर स्पोक मात्र शक्य तितके मूळचे राखता येतात, आणि सायकलवाल्याचा सराव असलेला हात हे काम मोटारसायकलच्या दुकानापेक्षा चांगले करतो असा माझा समज आहे.

सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा दांडा. शर्यतीत तो मिनिटास सातसात हजार वेळा ओढला व दाबला गेलेला असतो. धातू एका झटक्यात मोडत नाही. गंजाच्या टाचणीएवढ्या खड्ड्यापासून केसाएवढी चीर निघते, ती वर्षानुवर्षे वाढते आणि एके दिवशी दांडा तुटून इंजिनाच्या खोक्याबाहेर येतो. ही चीर डोळ्यांस दिसत नाही, पण ती उघडकीस आणण्याची एक जुनी रीत रेल्वेच्या कारखान्यांत आंस व कपलिंग तपासण्यासाठी वापरीत, आणि तिला लागणारे साहित्य अगदी सामान्य आहे. भाग स्वच्छ करून काही तास रॉकेलमिश्रित तेलात बुडवून ठेवावा, बाहेर काढून कोरडा पुसावा, आणि त्यावर खडूची बारीक पूड स्पिरिटात कालवून पातळ थर द्यावा. स्पिरिट उडून थर पांढरा झाला की भाग थोडा शेकावा. चिरेत शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या थरावर एक काळसर ओली रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर तो दांडा पेटीत जपण्याच्या लायकीचा, इंजिनात घालण्याच्या नव्हे. हल्ली रंगीत द्रवाच्या डब्या मिळतात. तत्त्व तेच, नजर अधिक सूक्ष्म.

सिलिंडर झिजलेले असेल तर दोन मार्ग आहेत. भोक मोठे करून मोठा पिस्टन घालता येतो, पण प्रत्येक वेळी मूळ धातू कायमचा जातो. त्यापेक्षा आत नवा स्लीव्ह ठोकून भोक मूळ मापास आणणे मला अधिक पसंत, कारण तो स्लीव्ह उद्या काढताही येतो.

> चौकट: कायदा काय म्हणतो
> केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, खाजगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने तीत येतात; मात्र वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे आणि चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, पुढील नूतनीकरणास पाच हजार. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात. असे वाहन प्रदर्शन, मेळावा, संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणे एवढ्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. परभणीच्या एम.एच.-२२ कार्यालयात असो वा अन्यत्र, तपासणीच्या वेळी चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिलीचा छाप घेतला जातो. म्हणून क्रमांकाच्या जागी ग्राइंडर लावणे, रंगाचे जाड थर देणे किंवा क्रमांक ‘उठावदार’ करून घेणे हे कागदपत्रांच्या दृष्टीनेही आत्मघातकी ठरते. पुष्कळ शर्यतगाड्या कधीच रस्त्यावर नोंदविल्या गेल्या नव्हत्या. त्यांनी बंदिस्त मैदान आणि प्रदर्शन यांतच समाधान मानावे.

परभणीची हवा आणि इंग्लंडचे जेट

यंत्र जुळले, तेल भरले, ठिणगी आली. तरीही गाडी येथे नीट धावेलच असे नाही, कारण ती ज्या हवेसाठी जुळविलेली होती ती हवा येथे नाही. पंधरा अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा नऊ टक्क्यांहून अधिक विरळ असते. परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटर उंचीवर असल्याने आणखी चार टक्के जातात. कार्ब्युरेटर हवेचे वजन करीत नाही. हवा वाहताना जे शोषण होते त्या जोरावर तो पेट्रोल ओढतो, आणि हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्याच प्रमाणात कमी होत नाही. मिश्रण त्यामुळे दाट होते, प्लगवर काजळी धरते आणि गाडी वरच्या वेगात अडखळते. उपाय म्हणजे एक-दोन मापे लहान जेट. पूर्ण वेगात असतानाच इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवावी आणि प्लग काढून पाहावा: काळा असेल तर मिश्रण दाट, भाजलेल्या विटेच्या रंगाचा असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर पातळ आणि पिस्टनाच्या माथ्यास धोका.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. गाडीत सापडलेले जेट अपेक्षेच्या दुप्पट मोठे निघाले तर मागल्या मालकास अडाणी ठरविण्याची घाई करू नये. मेथिल अल्कोहोलावर चालणाऱ्या इंजिनास पेट्रोलाच्या दुपटीहून अधिक इंधन लागते. तेव्हा ते भोक म्हणजे गाडी कधीकाळी अल्कोहोलावर धावल्याचा पुरावाच. असे जेट काढून, चिठ्ठी लावून, पेटीत ठेवावे. शर्यतीच्या कार्ब्युरेटरास हवेची जाळी नसते, उघडे कर्णेदार तोंड असते. काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगचा पिंजलेला कापूस उडत असलेल्या मुलखात ते तसेच ठेवणे म्हणजे सिलिंडरात पॉलिशची पूड टाकणे. कर्ण्यास कोणतेही भोक न पाडता नुसता बसविता-काढता येईल असा जाळीचा टोप चढवावा.

पाटीखालचा अंक

शेवटी एक वादाचा मुद्दा राहतो, आणि त्यावर जाणत्यांचेही एकमत नाही. शर्यतीच्या गाडीच्या पुढे व दोन्ही बाजूंस अंकांच्या पाट्या असतात. प्रत्येक शर्यतीस नवा अंक मिळे, आणि तो जुन्यावरच रंगविला जाई. तिरक्या उजेडात पाहिले तर वरच्या अंकाखाली दुसऱ्याच्या कडा उंचावलेल्या दिसतात, त्याखाली कदाचित तिसऱ्याच्याही. बारीक पाणकागद लावून एकेक थर उतरविला तर खालचा अंक हाती येतो, आणि एखाद्या जुन्या छायाचित्रातील गाडी हीच हे सिद्ध होऊ शकते. पण वरचा थर गेला तो गेलाच, आणि तोही कोणा स्वाराचा अंक होता. काही मालक म्हणतात, कीर्तिमान अंक उघडा करावा. काही म्हणतात, शेवटचा अंक तोच गाडीचा खरा अंक. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, तथापि ओळख पटविण्याची खरोखरच गरज असेल तर तीन पाट्यांपैकी एकीच्या कोपऱ्यात तळहाताच्या निम्म्याएवढी चौकोनी खिडकी पाडावी, तिच्यात प्रत्येक थराची पायरीसारखी एकेक पट्टी उघडी ठेवावी, तिचे छायाचित्र मोजपट्टीसह दप्तरी ठेवावे, आणि उरलेल्या दोन पाट्यांना पाणकागद दाखवूही नये.